मागच्या सीटचं माप

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून जुन्या गादीची खोळ उसवत बसलेय. कापसाच्या गाठी झाल्यात, पिंजारी चार वाजता न्यायला येणार, त्याच्या आत चारही बाजू मोकळ्या करायच्यात. उसवण्याचं काम मला मानवतं. एकदा ब्लेडला टाका सापडला की पुढचे टाके आपले आपण समोर येतात आणि डोकं रिकामं राहतं. नुसतं बसून जुनं आठवायची मला सवय नाही, वेळही नसतो. एक बाजू उसवायची, हात झटकायचे, दोन पानं लिहायची आणि परत गादीकडे जायचं, असं आज चाललंय. ज्या वर्षी मी बारावी झाले आणि कॉलेजात न जाता बाबांच्या दुकानात बसले, त्या वर्षाबद्दल लिहिते.

आम्ही डोंबिवलीला राहायचो. दोन खोल्या, दुसरा मजला, मागे एक लांबोडकी गॅलरी. माणसं दोन, बाबा आणि मी. आई मी आठवीत असताना गेली. तिच्याबद्दल इथं लिहीत नाही, ते वेगळं आहे. बाबांचा धंदा गाड्यांची सीट कव्हरं शिवण्याचा. उरलेल्या रेक्झिनचं काहीतरी व्हायलाच हवं, म्हणून आमच्या घरात दिसेल त्या वस्तूला कव्हर होतं. रेडिओला होतं, मिक्सरला होतं, पिठाच्या डब्याला होतं. देवाच्या पाटाला मरून रंगाचं, चारी बाजूंनी पांढरं पायपिंग घातलेलं होतं. शेजारच्या जोशीकाकू म्हणायच्या, "शैला, तुमच्याकडे बसलं की हॉर्न वाजवावासा वाटतो." घराला वास होता फोम चिकटवायच्या सोल्युशनचा. तो बाबांच्या शर्टातून यायचा, मग माझ्या केसांतून यायला लागला. मैत्रिणी कॉलेजला जायच्या तेव्हा गॅलरीतून हात करायच्या, पुढं पुढं हात करायच्याही थांबल्या. त्यांची चूक नाही. त्यांच्या वेळा वेगळ्या झाल्या होत्या.

बाबा कमी बोलायचे असं म्हणणं बरोबर नाही. घरात ते बोलायचेच नाहीत. रागीट नव्हते, दारू नव्हती, हात कधी उचलला नाही. ताट समोर ठेवलं की जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. म्हटलं, निदान "मीठ विसरलीस का गं" एवढं तरी म्हणतील. दोन वाट्या आमटी प्यायले आणि उठले. दुसऱ्या दिवशी मीठ दुप्पट घातलं. तीही प्यायले, वर पाणी जास्त प्यायले, एवढंच. तिसऱ्या दिवशी मी तो उद्योग बंद केला, कारण खारट आमटी मलाही खावी लागत होती. त्यानंतर एका संध्याकाळी सहज विचारलं, "बाबा, गाडीला पाचवा गिअर कशाला लागतो?" तर त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि पाऊण तास बोलले. भात गार झाला. चमच्यांनी गिअर करून दाखवले, वाटीचं इंजिन केलं. त्या दिवशी मला किल्ली सापडली. पुढं मी रोज एक प्रश्न तयार ठेवायचे. गाड्यांची आवड मला अशी लागली. मला गाड्या आवडतात म्हणून बाबांना फार बरं वाटायचं. ती आवड मुळात कशाची होती, ते त्यांना मी कधी सांगितलं नाही.

दुकान कल्याण-शीळ रस्त्याला होतं. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला वीटभट्टीचं मोकळं आवार, समोरून शीळफाट्याकडे ट्रक जात असायचे. पुढं गाडी उभी करायला जागा आणि आत पत्र्याचा गाळा. गाळ्यात भिंतीकडे तोंड केलेलं शिलाई मशीन, त्यावर मी. माझ्या पाठीमागे जमिनीवर भंगारातल्या गाड्यांच्या तीन सीटा मांडलेल्या होत्या, आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा त्यांवर तिघांची बैठक भरायची. कांबळे सर पुढच्या डाव्या सीटवर. ते कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दर महिन्याला गाड्यांचं इंग्रजी मासिक विकत घेऊन त्यातल्या आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघा ओढायचे. तांडेलकाका ड्रायव्हरच्या सीटवर. ते कळव्याचे, खाडीवरच्या कोळी घरातले, होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. ड्रायव्हरची सीट त्यांची ठरलेली, कारण त्या सीटवर बसणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो असं त्यांचं म्हणणं. बाबा मागच्या सीटच्या कडेला टेकायचे नाहीतर उभे असायचे. तिघांत मिळून सायकली दोन आणि सरांची स्कूटर एक. मोटारगाडी एकाकडेही नव्हती, आणि घेतील अशी शक्यताही नव्हती. पण देशात निघणाऱ्या प्रत्येक गाडीबद्दल तिघांचं मत होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं होतं.

त्या वर्षी सगळी भांडणं एकाच गाडीवरून चालली होती. तिचं नाव लिहीत नाही. ज्यांना गाड्यांचं वेड आहे ते ओळखतील, बाकीच्यांना नाव कळून काही फरक पडणार नाही. चौकोनी, लांब, मोठ्या डिकीची, पाच माणसं ऐसपैस बसतील अशी घरगुती गाडी. आधी आली तेव्हा दिसायला रुबाबदार आणि चालायला सुस्त. मग कंपनीनं तिला नवीन ताकदवान इंजिन दिलं, पाच गिअर दिले, पुढची जाळी, दिवे आणि बंपर बदलले, आणि नवीन म्हणून बाजारात आणली. सरांच्या मते ही वेगळीच गाडी होती. बाबांच्या मते जुनीच, पावडर लावून आणलेली. तांडेलकाकांच्या मते दोघांनाही काही कळत नव्हतं.

माझा त्यात भाग म्हणजे चहा. चहा दोनदा व्हायचा. बाकी वेळ माझी पाठ त्यांच्याकडे असायची. मला तोंडं दिसायची नाहीत, आवाज यायचे. आवाजावरून मी कोण पुढं सरकून बसलंय, कोण हरायला आलंय ते ओळखायचे. चर्चा रंगली की माझा पाय मशीनवर थांबायचा आणि बाबा मागून म्हणायचे, "मशीन का थांबलं?" मग मी परत सुरू करायचे. तीन तास तीन माणसं माझ्यापासून चार हातांवर हसायची, भांडायची, आणि रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज ऐकावा तशी मी ते ऐकत असायचे. मला वाईट वाटायचं का, असं कोणी विचारलं तर हो, वाटायचं. पण बाबा हसताना फक्त तिथंच ऐकू यायचे, म्हणून रविवारची सुट्टी मी कधी मागितली नाही.

दुकानाचा नियम असा, की शिवायचं मी आणि कापायचं बाबांनी. कात्री त्यांची. शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही, म्हणून कापणाऱ्याचं नाव दुकानाला लागतं. प्रत्येक गाडीच्या सीटांचे वर्तमानपत्राचे साचे करून खिळ्याला टांगलेले असायचे. गाडी आली की साचा काढायचा, कापडावर टाकायचा, खडूनं आखून कापायचं. मला कात्री हवी होती. पनवेलहून मामाची पत्रं यायची की पोरीला इकडे पाठवा, इथं चार घरं बघता येतील, दुकानात रेक्झिन शिवत किती दिवस ठेवणार. मला पनवेल नको होतं. मामी चांगली होती, पण तिच्याकडे मी पाहुणी आणि मोलकरीण यांच्या मधलं काहीतरी झाले असते. मी बाबांना सरळ विचारलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "एक गाडी सगळी तू काप. जमलं तर दुकान आपलं दोघांचं. नाही जमलं तर मामाला हो कळवतो." माझ्याशी गाड्या सोडून ते बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य तेच असेल.

आणि ती एक गाडी नेमकी तीच आली. शनिवारी दुपारी. तांडेलकाकांच्या घरची दोन बाळंतपणं केलेल्या कळव्याच्या डॉक्टरीणबाईंनी ती घेतली होती, आणि काकांनीच त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. बाई पन्नाशीच्या, आखूड केस, साडी वर खोचून स्वतः चालवत आल्या. मस्कतच्या भावानं पाठवलेलं साईरंगी मऊ कापड त्यांनी माझ्या हातात दिलं. एका गाडीला बरोबर पुरेल एवढं. "सासूबाईंना मागे बसवून न्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "रेक्झिन उन्हात चटकतं. सोमवारी सहाला न्यायला येते. आणि हे कापड इथं मिळत नाही, लक्षात ठेवा." बाबांना राहवलं नाही. म्हणाले, "बाई, पिकअप कसा आहे हो? घाटात दम टाकते का?" बाई पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा शोधत होत्या. म्हणाल्या, "हॉस्पिटलचा फोन आला की वेळेत पोहोचवते. मला अजून काय करायचंय?" आणि किल्ली ठेवून रिक्षानं गेल्या.

संध्याकाळी मी सीटा पुसून घेतल्या. तेव्हाच मला कळलं. त्या गाडीच्या जुन्या मॉडेलची इतकी कव्हरं मी शिवली होती की माप माझ्या हातात होतं. कोपर सीटच्या मागच्या कडेला टेकवलं की मधलं बोट पुढच्या काठाला यायचं, अगदी नेमकं. या गाडीत मागच्या सीटवर हात टाकला तर बोटापुढं दोन बोटं सीट उरली. परत टाकला. परत दोन बोटं. कंपनीनं मागच्यांना मांडी टेकायला जागा वाढवून दिली होती. मासिकात ते कुठं आलं नव्हतं, कारण मासिकवाले पुढं बसतात. मला आनंद झाला. म्हटलं, रात्री जेवताना सांगू, आजचा प्रश्न हाच. पण शनिवारी बाबा जेवायला थांबले नाहीत, दुसऱ्या गाडीचं रेक्झिन आणायला कल्याणला गेले, आणि आले तेव्हा मी झोपले होते.

रविवारी सकाळी तिघंही नवाच्या आधी हजर. समोर खरी गाडी उभी, त्यामुळे त्या दिवशी कोणी आपापल्या सीटवर बसलं नाही. गाडीभोवती फिरत होते. तांडेलकाका चाकाला लाथ मारून बघत होते.

"येवरी मोठी गाडी," काका म्हणाले, "न तिला पाच गिअर. माझे होडीला दोनच, पुढं न मागं. कधी कुठं अरलं नाय."

"तांडेल, होडी आणि मोटार यात फरक असतो," सर म्हणाले.

"हाय ना. होडी माझी हाय, मोटार कुनाची?"

सर हसले नाहीत. सरांना त्या दिवशी सिद्ध करायचं होतं. बाबांनी गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं, आणि मग त्यांची नेहमीची परीक्षा झाली. चालू इंजिनावर रुपयाचं नाणं उभं करायचं. पडलं तर इंजिन थरथरतं, उभं राहिलं तर खणखणीत. जुन्या मॉडेलवर नाणं पाच मोजेपर्यंत टिकायचं नाही. सरांनी स्वतःच्या हातानं नाणं उभं केलं आणि हात काढला. नाणं उभं. बाबांनी आत बसून पाय दाबून इंजिनाचा वेग वाढवला. नाणं उभं. मीही मशीन थांबवून बघायला आले होते, आणि मशीन का थांबलं असं बाबांनी विचारलं नाही.

"बघा," सर म्हणाले. आवाज चढला होता. "हिला जुनी गाडी म्हणता? गेले सहा महिने माझ्याशी वाद घालताय. मुंब्र्याचा चढ ही पाच माणसं घेऊन चौथ्यावर चढेल. चौथ्यावर."

"पाच मानसां म्हंजे कोन?" काका म्हणाले. "तुमची का आमची? आमचे घरची चार मानसांच सात मानसांएवरी हायेत."

बाबा हसले, पण नाणं त्यांना लागलं होतं. मला आवाजावरून कळत होतं. बॉनेट त्यांनी जरा जोरात लावलं. "इंजिन नवीन असेल," ते म्हणाले. "मानलं. पण बॉडी? बॉडी तीच. पत्रा तोच, दारं तीच, सीटा त्याच. हा माझा धंदा आहे, सर. इथं मासिक चालत नाही."

"मोजून बघा ना मग."

"ज्याला शंका आहे त्यानं मोजावं. मी नाही मोजणार. शैला, हिचा जुना साचा काढ. त्याच्यावरच काप. उद्या पाचला या दोघं, तुमच्यासमोर चढवून दाखवतो."

मी साचा काढला. हातात साचा घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, जरा..."

"काय जरा?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. त्या गाळ्यात तिघांनी एकदम माझ्याकडे बघितल्याची ती पहिलीच वेळ. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावलेला नव्हता. नको म्हणत होता. नाण्यावर हरलेला माणूस, आणि आता सीटवर पण त्याला स्वतःच्या मुलीनं, स्वतःच्या दुकानात, या दोघांदेखत हरवायचं. मी हिशेब केला. आत्ता बोलले तर कात्री गेली. आज मिळालेली काढून घेतील. आणि कोणी सांगावं, शिवणीत ओढूनताणून दोन बोटं निघतीलही. "काही नाही," मी म्हटलं.

हे नीट लिहायला हवं. मला माहीत होतं. चुकून झालं नाही. मी ओट्यावर कापड पसरलं, जुना साचा ठेवला, चारी बाजूंनी खडू फिरवला आणि कात्री चालवली. कात्री जड होती, कापडातून मऊ चालत होती, आणि ज्या गोष्टीसाठी मी सहा महिने थांबले होते ती मी चुकीच्या रेषेवर करत होते. मागे सर म्हणत होते, "वळणावर ही मागून सुटत नाही," आणि काका विचारत होते, "सुटायला ती म्हस हाय का?"

सोमवारी पाच वाजता दोघंही आले. सर शाळेतून थेट, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. पुढच्या सीटा सुरेख बसल्या. पुढच्या सीटा खरंच त्याच होत्या. बाबांनी सरांकडे बघून भुवई वर केली. मग मागची चढवायला घेतली. पाठ बसली. बैठक मागून घातली, पुढं ओढली, आणि कव्हर काठाच्या अलीकडे थांबलं. बाबांनी ओढलं. गुडघा लावून ओढलं. कोपऱ्यातली शिवण उसवली, टर्र असा आवाज आला. कव्हराच्या पुढं कंपनीचं मूळ काळं रेक्झिन दोन बोटं दिसत होतं, या दारापासून त्या दारापर्यंत सरळ पट्टी. सरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले. त्यांना जिंकल्याचा आनंद झालेला मी बघितला नाही, तेवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

बाई सहाला आल्या. वाकून मागच्या सीटकडे बघितलं. "हे काय?"

बाबा म्हणाले, "पोरीचा हात नवीन आहे, बाई. कापताना चुकली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू कापलंस?"

"हो," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. बाबांच्या वाक्यातही नव्हतं.

सरांनी तोंड उघडलं. तांडेलकाकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि सरांनी तोंड मिटलं. पुष्कळ वर्षांनी सर मला कल्याणच्या भाजी बाजारात भेटले. निवृत्त झाले होते, हातात माठाची जुडी. स्वतःहून म्हणाले, "शैला, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "मीसुद्धा, सर. आदल्या दिवशीच." मग आम्ही माठाच्या भावाबद्दल बोललो.

बाईंनी पुढची कव्हरंही काढायला लावली. "अर्धी गाडी सजवून मी काय करू? कापड ठेवा तुमच्याकडे, माझ्या काही उपयोगाचं नाही आता," म्हणाल्या आणि गाडी घेऊन गेल्या. सर आणि काका न सांगता निघून गेले. बाबांनी साचा खिळ्याला परत टांगला. मग त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. ओरडले असते तर मी ओरडले असते. घरी पिठलं-भात केला. बाबा जेवले, ताट मोरीत ठेवलं, आणि मामाला लिहायला पोस्टकार्ड शोधू लागले. मी त्यांना ते कुठल्या खणात आहे ते सांगितलं. त्या दिवशी मी एकही प्रश्न तयार ठेवला नव्हता, आणि खोलीत इतकी शांतता होती की जोशीकाकूंच्या घरातला कुकर आमच्या घरातल्यासारखा वाजत होता. मला तेव्हा स्वच्छ कळलं की सहा महिने जेवताना झालेलं ते सगळं बोलणं बाबा गाड्यांशी करत होते. मी समोर बसलेली होते, एवढंच.

रडत बसायचा माझा स्वभाव नाही. घरी आणलेल्या कापडाच्या घड्या घालायला घेतल्या. बैठकीचा तुकडा मांडीवर होता, त्याच्या पुढच्या काठावरून हात फिरवत होते. कव्हर सगळ्यात आधी तिथंच खराब होतं, चढता-उतरता पाय घासतात. साईरंगावर तर चार दिवसांत डाग पडणार. म्हणजे त्या काठाला मुळात गडद पट्टाच हवा. चॉकलेटी रेक्झिनची दोन बोटं पट्टी, शिवणीसाठी थोडं जास्त, आणि पाठीला तसाच एक पट्टा, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल. कापड वाया गेलेलं नव्हतं, एक काठ कमी पडला होता. पण त्या काठाला गोलाई होती, दाराशी वेगळी आणि मध्ये वेगळी, आणि तिचं माप हातानं जमणारं नव्हतं, गाडीवर कागद लावूनच घ्यायला हवं होतं. बाबांकडे बघितलं. पोस्टकार्डावर "चि." लिहून ते थांबले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. या वेळी "काय जरा?" ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला घराबाहेर पडले. पिशवीत वर्तमानपत्रं, टाचण्या, पेन्सिल आणि मापाची टेप. शीळफाट्यापर्यंत एक बस, तिथून मुंब्र्यावरून कळव्याला दुसरी. तांडेलकाकांचं घर तिथंच होतं, पण त्यांच्याकडे गेले नाही. डॉक्टरांचं घर विचारत विचारत गेले. गाडी फाटकात उभी होती आणि बाई हातात चहाचा कप घेऊन पायरीवर.

"वडिलांनी पाठवलं?"

"नाही."

"मग?"

"परवा मोजलं नव्हतं. आज मोजायला आलेय. पुढच्या काठाला गडद पट्टा लावून तेच कापड पुरतं. नाही आवडलं तर शिवू नका म्हणा."

"परवा का नाही मोजलं?"

मी सांगितलं. "मला माहीत होतं कमी पडणार. शनिवारीच कळलं होतं. बोलले नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "माहीत असून गप्प बसणारी नर्स मी एक दिवस ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी आत जाऊन किल्ली आणली आणि माझ्या हातात दिली. "साडेआठला मला निघायचंय. त्याच्या आत आटप."

मी मागचं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या, सीटपुढं गुडघे टेकले आणि डाव्या कोपऱ्यापासून मोजायला घेतलं.